उत्तरायणाला कंबर धरली, पण दुखणं कुठलं?

कोअरवाला_मकरपुरा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

यंदाच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पडलेली मांज्याची फिरकी उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. सरळ होता येईना. मुलानं आणि शेजारच्या भाईंनी धरून जिन्यानं खाली आणलं. उजव्या पायात पार पोटरीपर्यंत कळ जात होती. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकलेली निघाली. केसपेपरवर पहिली ओळ अशी: 'पतंग उडवताना कंबरेत झटका.'

ती ओळ गेले दोन महिने मला टोचते आहे. फिरकीचं वजन ते काय! मी २२ वर्षं इथल्या, बडोद्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मरच्या कामात आहे, त्यातली पहिली १४ कोअर स्टॅकिंगवर गेली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोअर म्हणजे सिलिकॉन स्टीलच्या पातळ पानांची चळत. एक पान साधारण ०.२७ मिलिमीटर जाड, कडा ब्लेडसारख्या. ती हातानं एकावर एक बसवायची, सांधे जुळवायचे, फटी राहू द्यायच्या नाहीत. मोठ्या कोअरला हजारो पानं लागतात. आमचं टेबल गुडघ्याएवढं होतं आणि कोअर रुंद. म्हणजे समोरच्या बाजूचं पान बसवायला कंबरेतून वाकून हात लांब करायचा, डोकं खाली, आणि असं सात-आठ तास. पानाचं वजन काहीच नाही, म्हणून हे 'हलकं काम' समजलं जातं. पानांची बांधलेली पॅकेटं उचलणारा हेल्पर वेगळा असतो, त्याच्या कामाला जड म्हणतात.

माझं वय ४६. 'वय झालं' एवढं उत्तर मला पटत नाही. तुमच्या-तुमच्या कामात दुखणं नेमकं कुठून येतं, ते लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

टाकी_वेल्डर | रविवार, रात्री १०.१५

दादा, तुमची कंबर, माझा खांदा. मी टाक्या आणि प्रेशर व्हेसल करतो, वाघोडिया बाजूला. डोक्यावरचा जोड मारताना होल्डर एका हातात, दुसऱ्या हातानं आधार, मान मागे टाकलेली, वर हेल्मेट. टाकीच्या आत तर बसायला जागा नसते, एका गुडघ्यावर रेलून जोड पूर्ण करायचा. मध्येच हात खाली घेतला तर जोड तुटतो, परत ग्राइंडिंग करावं लागतं, म्हणून श्वास धरून ओढून नेतो माणूस.

पाच वर्षांपूर्वी रात्री उजव्या कुशीवर झोपता येईनासं झालं. मग शर्ट घालताना हात मागे जाईना. आमच्याकडे इंचाच्या हिशोबानं पैसे मिळतात. जितके इंच जास्त, तितका पगार. दुखलं म्हणून थांबणाऱ्याचं नुकसान त्याचं त्यालाच. खांद्याचं कारण विचारलंत तर निम्मं कारण मी या हिशोबाला देईन.

---

फिजिओ_कारेलीबाग | सोमवार, सकाळी ७.०५

कोअरवाला दादा, तुमचा धागा काल रात्रीच वाचला, पण नीट लिहावं म्हणून सकाळी बसले. माझ्याकडे रोज मकरपुरा, वाघोडिया, सावली इथले कामगार येतात. सगळ्यांची सुरुवात सारखीच: 'काल बादली उचलली', 'परवा बाइकला किक मारली'. मला दर वेळी मागे मागे विचारत जावं लागतं.

इटलीतल्या मोडेनाचा रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. १७०० साली त्यानं कामगारांच्या आजारांवर लिहिलं. वैद्यानं रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एक घालावा, 'तुझा धंदा काय?', असं त्याचं म्हणणं. आणि कारणं दोन सांगितली: कामात हाताळले जाणारे अपायकारक पदार्थ, आणि शरीराच्या जोरकस, वेड्यावाकड्या हालचाली व अवघड बैठका. तुमच्या केसपेपरवर तो एक प्रश्न विचारलेला दिसत नाही.

आता तुमच्या 'हलक्या' कामाचा हिशोब. कंबरेच्या वरचं धड, डोकं, हात मिळून साधारण ३५ किलो धरू. वाकल्यावर हा भार मणक्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे जातो. त्याला मागून धरून ठेवणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर आहेत. तराजूच्या दांडीसारखं आहे हे. लांब बाजूला ३५ किलो, तर आखूड बाजूला सहापट ओढ लागणार, म्हणजे २१० किलो. ही सगळी ओढ चकतीला दाबते. हातात काहीच नसताना! त्यात १८ किलोचं पॅकेट ५० सेंटिमीटर पुढे धरलं की आणखी १८० किलोची भर. अमेरिकेतल्या व्यवसाय-सुरक्षा संस्थेनं, तिला नायोश म्हणतात, कंबरेच्या चकतीसाठी ३४०० न्यूटनचा दाब ही सावधगिरीची हद्द ठरवली आहे. म्हणजे सुमारे ३५० किलो. तुमचा हेल्पर ती रोज ओलांडतो, आणि तुम्ही तिच्या निम्म्याहून जास्त दाबाखाली दिवसभर उभे असता.

चकतीच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नसतात, त्या फक्त बाहेरच्या थरात आहेत. आतल्या बारीक चिरा वाढत राहतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. तुम्ही लोखंडात काम करता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एका झटक्यात न मोडणारी सळई लाख वेळा वाकवली की मोडते. शेवटचा वाक कुठे पडला, गच्चीवर की शॉपमध्ये, याला फार अर्थ नाही.

वेल्डर दादा, तुमच्याबद्दल संध्याकाळी लिहिते. पेशंट आले.

---

प्लांट_इंजिनिअर | सोमवार, दुपारी १.३०

दुसरी बाजूही मांडतो, रागावू नका. मी फॅब्रिकेशन शॉप सांभाळतो. आम्ही लोकांना कंबरेचे पट्टे दिले, 'गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा' असं प्रशिक्षण दिलं, भिंतीवर चित्रं लावली. कोणी पाळत नाही. वजन उचलायचा चेन पुली ब्लॉक (साखळी-कप्पी) शेजारी टांगलेला असताना दोघं मिळून फ्लँज, म्हणजे पाइपाच्या तोंडाची जड चकती, हातानं उचलतात. आणि एकाच टेबलावर सहा जण काम करतात, त्यातले दोनच तक्रार करतात. कारण काम असेल तर सहाही जणांना व्हायला हवं ना? वजन, मधुमेह, तंबाखू, घरचं काम हेही मोजायला हवं.

---

कोअरवाला_मकरपुरा | सोमवार, रात्री ९.१०

साहेब, राग नाही. पण सहा जणांचं उत्तर माझ्याकडे आहे. मी कोअरवर लागलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो. आज त्यातले तिघे उरले. एक जण छोटा उदेपूरकडे शेतावर गेला. एकानं सेव-उसळीची लारी लावली. दोघं वॉचमनच्या कामाला लागले. बाकीच्या दोघांचा पत्ता नाही. सोडताना चौघांची तरी कंबर किंवा मान गेलेली होती, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही आज शॉपमध्ये जाऊन मोजाल तर जे टिकले तेच दिसतील. जे टिकले नाहीत ते ठेकेदाराच्या हजेरीवरून गेले, त्यांचं नाव तुमच्या रजिस्टरात कधी आलंच नाही.

आणि चेन ब्लॉकचं म्हणाल तर, तो लावायला-काढायला पाच-सात मिनिटं लागतात. दिवसाचा आकडा ठरवताना ती मिनिटं कोणी धरतं का?

---

फिजिओ_कारेलीबाग | सोमवार, रात्री १०.००

इंजिनिअर दादा, मधुमेह, धूम्रपान, वय यांचा वाटा आहेच. खांदा आखडणं आणि मनगटातली नस दबणं मधुमेहींत जास्त दिसतं. पण हे सगळं शॉपच्या भारावर चढतं, त्याच्या जागी येत नाही.

पट्ट्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगते. नायोशनं १९९४ मध्येच म्हटलं होतं की निरोगी कामगाराला पट्टा बांधून कंबर वाचते याला पुरावा नाही. पुढे हजारो कामगारांवर मोठी पाहणी झाली, २००० साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही पट्ट्यानं दुखापती कमी झालेल्या दिसल्या नाहीत. पट्टा बांधला तरी तराजूची दांडी तेवढीच लांब राहते. 'गुडघे वाकवा' हेसुद्धा तेव्हाच जमतं जेव्हा वजन दोन गुडघ्यांमध्ये मावतं. टेबलाच्या पलीकडचं पान गुडघे वाकवून कसं बसवणार?

आता वेल्डर दादांचा खांदा. स्नायू आवळला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दबतात. हालचाल असेल तर तो आवळतो-सुटतो, पंपासारखं रक्त खेळतं. हात वर धरून स्थिर ठेवला की पंप बंद. आपल्या पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोरानं माणूस जेमतेम एक मिनिट धरू शकतो. खांद्याच्या वरच्या हाडाखालून एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जाते, तिच्या एका भागाला मुळात रक्तपुरवठा कमी, आणि हात वर गेला की ती दोन हाडांमध्ये चेपली जाते. हात जड नसला तरी वर असणं हेच ओझं. स्वीडनमध्ये जहाज बांधणाऱ्या वेल्डरांच्या खांद्यांवर १९७० नंतरच्या दशकात बराच अभ्यास झाला आणि नेमकी हीच कंडरा सुजलेली सापडली. तुमच्याकडे टाकी फिरवायला रोटेटर किंवा पोझिशनर आहे का? जोड खाली, कंबरेच्या उंचीला आणता आला तर खांद्याला जे मिळेल ते माझ्या मशीननं मिळणार नाही.

---

टाकी_वेल्डर | सोमवार, रात्री १०.२०

रोटेटर आहे ताई. एकच आहे, आणि तो मोठ्या ऑर्डरसाठी राखून ठेवतात.

---

ग्राइंडर_हात | मंगळवार, सकाळी ६.४५

रात्रपाळी करून आलो, झोपण्याआधी लिहितो. मी एजी-सेव्हन चालवतो, सात इंची ग्राइंडर, चार-साडेचार किलोचा. कास्टिंग आणि वेल्ड साफ करायचं काम. संध्याकाळी हाताला मुंग्या येतात, रात्री तर जाग येते, हात झटकावा लागतो. शर्टाचं बटण लावताना बोटांना बटण कळत नाही. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. हे ग्राइंडरमुळे असेल का?

---

फिजिओ_कारेलीबाग | मंगळवार, दुपारी २.१५

दादा, ग्राइंडरचं कारण असण्याची दाट शक्यता आहे. नस किती दबली आहे याची तपासणी करून घ्या, ती होते. आणि तपासणाऱ्याला ग्राइंडर किती वर्षं, रोज किती तास, हे आपणहून सांगा.

१९१८ मध्ये अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी इंडियानातल्या चुनखडीच्या खाणींजवळचे दगड घडवणारे कामगार तपासले. हवेवर चालणारे हातोडे वापरून थंडीत त्यांची बोटं पांढरी, मेल्यासारखी होत. बडोद्याच्या उकाड्यात बोटं पांढरी पडलेली सहसा दिसत नाहीत, म्हणून आपल्याकडे हा आजार नाही असं वाटतं. पण बधिरपणा आणि पकड सुटणं इथेही होतंच.

युरोपात २००२ मध्ये नियम आला. आठ तासांच्या हिशोबानं कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की उपाय सुरू करायचे, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. समजा तुमच्या ग्राइंडरचं कंपन ७ आहे. मग पहिली रेषा साधारण एका तासात ओलांडली जाते आणि दुसरी चार तासांत. कंपन दुप्पट झालं की वेळ चौथाई करावा लागतो. चाक झिजून एकांगी झालं, बेअरिंग वाजायला लागलं, की कंपन वाढतं. आणि हात थरथरतो म्हणून आपण अजून घट्ट धरतो, त्यानं कंपन हाडापर्यंत पोहोचतं आणि मनगटातल्या बोगद्यात नस दबते. जोर, पुन्हा पुन्हा तीच हालचाल, वाकडं मनगट, कंपन: यातलं एकेक निभतं. जोर आणि पुनरावृत्ती एकत्र आले की धोका नुसती बेरीज करून थांबत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांत हे पाहिलं गेलं आहे.

---

वाइंडिंगवाली | मंगळवार, रात्री ९.३०

मी कॉइल वाइंडिंगला आहे. आमच्या शॉपमध्ये पुष्कळ बायका आहेत. कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी ताणून धरायची, वळणावर लाकडी हातोडीनं ठोकून बसवायची, इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा कात्रीनं कापायचा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात अशी कळ येते की कढई उचलवत नाही. घरी गेल्यावर पोळ्या लाटायच्या, कपडे पिळायचे, म्हणजे तोच अंगठा. सगळे म्हणतात घरकामानं होतं. बारा तासांच्या ड्यूटीत हातोडीचे ठोके किती पडतात ते कोणी मोजत नाही.

आणखी एक. कात्री पुरुषांच्या हाताच्या मापाची आहे. माझ्या बोटांना तिचा पुरता आवाका येत नाही. हातमोजे पण तसेच, ढगळ. ते घातले की दुप्पट आवळून धरावं लागतं.

---

जुना_फिटर | मंगळवार, रात्री १०.४५

पोरी, तुझं कात्रीचं वाचून वाईट वाटलं. हत्यार हाताला बसलं पाहिजे, हा आमच्या वेळी पहिला धडा होता.

मी ७३ वर्षांचा आहे. दांडियाबाजारात राहतो, लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जोर-बैठका, मल्लखांब केले. इथे कोणी तरी 'व्यायाम करा' म्हणेल म्हणून मीच सांगतो, व्यायामानं अंग तयार होतं, पण आखाड्यात दोन तास मेहनत झाली की वस्ताद थांबवायचे, मालिश, खुराक, झोप. कारखान्यात कोण थांबवतं?

आम्हाला फिटरच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं की व्हाइसचा, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या शिकंज्याचा, जबडा कोपराच्या उंचीला हवा. मुठीवर हनुवटी टेकवून उभं राहायचं, कोपर जबड्याला लागलं पाहिजे. उंच पोराला व्हाइसखाली लाकूड, बुटक्याला पायाखाली फळी. माझे वडील कलाभवनात, बडोद्याच्या जुन्या तंत्रशाळेत शिकले, त्यांनाही हेच शिकवलं होतं, आणि कलाभवन १८९० चं. म्हणजे ही विद्या बडोद्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. मग कोअरचं टेबल गुडघ्याला कुणी आणि का ठेवलं?

---

प्लांट_इंजिनिअर | बुधवार, दुपारी १.२०

काका, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर मला माहीत आहे. कोअर तयार झाला की क्रेननं उभा करायचा असतो. टेबल खाली असलं की उभा करणं सोपं आणि क्रेनला उंची पुरते. पूर्वी तर जमिनीवरच रचत. म्हणजे टेबलाची उंची त्या अर्ध्या तासाच्या कामासाठी ठरली, आधीच्या दोन दिवसांच्या कामासाठी नाही. पॅकेटचं वजनही तसंच. कटिंग लाइनवरून जसं पॅकिंग येतं तसं, ते किती किलोचं बांधायचं हे उचलणाऱ्याला विचारून ठरत नाही. हे लिहिताना मलाच जाणवलं की ड्रॉइंगवर सही माझ्यासारख्याचीच असते.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमात इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये असं सांगितलं होतं. आम्ही ते एका आकड्यापुरतं पाहतो, अमुक किलोच्या आत आहे ना, मग झालं. अंतर, उंची, वळण, किती वेळा, हे पाहत नाही. ताई, तुमच्या नायोशचं काही सूत्र आहे ना?

---

फिजिओ_कारेलीबाग | बुधवार, रात्री ९.००

आहे, १९९१ चं. सगळं आदर्श असेल तर २३ किलोपासून सुरू करायचं आणि एकेका अडचणीसाठी कमी करत जायचं. कोअरवाला दादा, मापं द्या: पॅकेट कुठून कुठे, किती वेळा?

---

कोअरवाला_मकरपुरा | बुधवार, रात्री ११.५०

आज टेप घेऊन मोजलं. पॅकेट १८ किलो. जमिनीवरच्या पॅलेटवरून, हात १५ सेंटिमीटरवर. ट्रॉलीवर ९० ला ठेवतो. अंगापासून ५० दूर, कारण पॅलेटची कड मध्ये येते. अर्धवट वळून ठेवतो, ४५ अंश धरा. मिनिटाला एक, दिवसभर. पकडायला काही नाही, कडा धारदार.

दोन तास बसून, मुलाला शेजारी घेऊन हिशोब केला. अंतरासाठी निम्मं, ११.५ राहिले. खालून उचलण्यासाठी ०.८२, वर नेण्यासाठी ०.८८, वळण्यासाठी ०.८५६, दिवसभराच्या वेगासाठी ०.७५, पकडीसाठी ०.९. उरले ४.८ किलो. आमचा पोरगा उचलतो १८. जवळजवळ पावणेचारपट.

मग दुसरा हिशोब केला. पॅलेट ७५ सेंटिमीटर उंच घोडीवर (स्टँडवर) ठेवलं, ट्रॉली समोर आणली म्हणजे वळण नाही, कड कापून अंतर ३० वर आणलं. त्याच पोराला, त्याच वेगानं, १२.९ किलो चालतं. पॅकेट निम्मं, ९ किलोचं बांधलं तर फेऱ्या दुप्पट होऊन मर्यादा ११.२ वर येते, आणि ९ तिच्या आत बसतं. २२ वर्षांत मला हे कोणी दाखवलं नाही. मी स्वतः सुपरवायझर आहे आणि मीही कुणाला दाखवलं नाही.

---

वाइंडिंगवाली | गुरुवार, सकाळी ६.२०

दादा, हा हिशोब मला व्हॉट्सॲपवर फिरवायचा आहे, चालेल का? आणि ताई, बारा तासांचं काय? सूत्र आठ तासांचं आहे ना?

---

फिजिओ_कारेलीबाग | गुरुवार, दुपारी २.४०

हो, आठ तासांपर्यंतचंच. त्यापुढे त्यात आकडाच नाही. कंडरा दिवसा झिजते आणि विश्रांतीत दुरुस्त होते, स्नायूपेक्षा बरीच सावकाश. बारा तासांच्या ड्यूटीत झिजण्याचे तास वाढतात आणि दुरुस्तीचे नेमके तेवढेच कमी होतात. आठवड्याची सुट्टीही ओव्हरटाइमला गेली की हिशोब कधी चुकता होतच नाही. तुमचं अंगठ्याचं दुखणं अजून कोवळं दिसतंय, लवकर दाखवा.

---

कोअरवाला_मकरपुरा | पुढचा रविवार, रात्री ८.३०

आठवड्याची हकीकत सांगतो. पॅलेटसाठी घोड्या आमच्याच स्क्रॅपच्या चॅनेलमधून केल्या, दोन दिवसांत झाल्या. स्टॅकिंगच्या टेबलाला पाय वाढवले, आणि मधल्या फळ्या काढून माणसाला कोअरच्या जवळ आत उभं राहता येईल अशी खाच ठेवली. उभं करताना क्रेनची उंची जेमतेम पुरते, पण पुरते. निम्म्या पॅकेटला कटिंगवाल्यांनी अजून होकार दिलेला नाही. मोठ्या साहेबांकडे कागद घेऊन गेलो आहे, त्यात हा सगळा हिशोब लिहिला आहे.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. आपणहून सांगितलं की पतंगाआधी १४ वर्षं स्टॅकिंग केलं आहे. त्यांनी पेन थांबवलं, केसपेपरवर खाली एक ओळ वाढवली आणि विचारलं, टेबल किती उंच होतं?

मी म्हटलं, ४५ सेंटिमीटर. परवापासून ८५.